बारावी कॉमर्सनंतर खर्च नेमका कुठे होतो?

सीए होण्यासाठी आयसीएआयला, म्हणजे सीएची परीक्षा घेणाऱ्या संस्थेला, एकूण किती पैसे भरावे लागतात? फाउंडेशनच्या नोंदणीपासून फायनलच्या परीक्षा अर्जापर्यंत सगळं धरलं आणि प्रत्येक परीक्षा पहिल्याच फटक्यात सुटली असं मानलं, तर साधारण ८५ हजार रुपये. तेही चार वर्षांत विभागून. हा आकडा सांगितला की पालकांचा विश्वास बसत नाही, कारण ओळखीतल्या कुणाच्या तरी घरी पाच लाख गेलेले असतात. ते पाच लाखही खरेच असतात. बारावी कॉमर्सचा निकाल हातात घेऊन पुढचं ठरवणाऱ्या घरांसाठी हा लेख मुख्यतः या दोन आकड्यांमधल्या फरकाबद्दल आहे. इथले शुल्काचे आकडे अलीकडचे आहेत. पैसे भरण्याच्या दिवशी संस्थेच्या संकेतस्थळावर एकदा ताडून घ्यावेत.

आधी ८५ हजारांचा तपशील. फाउंडेशनची नोंदणी ९,००० रुपये, वर माहितीपुस्तिका वगैरे किरकोळ. परीक्षेचा अर्ज १,५००. इंटरमीजिएटला दोन्ही ग्रुप एकदम घेतले तर नोंदणी १८,०००, एकच ग्रुप घेतला तर १३,०००. दोन्ही ग्रुपच्या परीक्षेचा अर्ज २,७००. आर्टिकलशिपला (सीए फर्ममधल्या उमेदवारीला) लागण्याआधी दोन प्रशिक्षणं करावी लागतात, ओरिएंटेशनचं ७,०००चं आणि संगणकाचं ६,५००चं. फायनलची नोंदणी २२,०००, अर्ज ३,३००, आणि फायनलआधीची आणखी दोन प्रशिक्षणं मिळून १४,५००. एवढंच. २०२३च्या नव्या योजनेत आर्टिकलशिप तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आली आहे. त्यामुळे कुठेही न अडखळणारा विद्यार्थी बारावीनंतर साडेतीन-चार वर्षांत मोकळा होतो.

अडखळत नाहीत असे किती? जून २०२४च्या फाउंडेशनचा निकाल १५ टक्क्यांच्या आत होता, जानेवारी २०२५चा साडेएकवीस टक्के. म्हणजे यांतल्या चांगल्या वेळीसुद्धा पाचातला एकच सुटला. प्रत्येक पेपरात ४० आणि एकूण ५० टक्के लागतात. चारपैकी दोन पेपर वस्तुनिष्ठ असून त्यांत चुकीच्या उत्तराला पाव गुण कापला जातो. यात आपल्या बोर्डाची एक खास अडचण आहे. महाराष्ट्र बोर्डात अकरावीला गणित किंवा एसपी (सेक्रेटेरियल प्रॅक्टिस) असा पर्याय असतो आणि ‘गणित नको’ म्हणत अनेक मुलं एसपी घेतात. बी.कॉम.ला त्याने काही बिघडत नाही. फाउंडेशनचा तिसरा पेपर मात्र गणित, तर्क आणि संख्याशास्त्राचा, पूर्ण शंभर गुणांचा. एसपी घेतलेल्या मुलाने तीन-चार महिने फक्त या पेपरासाठी राखून ठेवावेत, मगच अर्ज भरावा. मराठी माध्यमातून आलेल्यांनी आणखी एक गोष्ट धरावी: परीक्षा इंग्रजीत किंवा हिंदीत देता येते, मराठीत नाही. दोन वर्षं नावे-जमा आणि ताळेबंद लिहिलेल्या मुलाला डेबिट-क्रेडिटची भाषा बसायला वेळ लागतो. तो वेळ क्लास लावून विकत मिळत नाही.

आता मधले चार लाख

फाउंडेशनचा समोरासमोरचा क्लास पुण्या-मुंबईत साधारण ५० ते ८० हजारांत जातो. रेकॉर्ड केलेली व्याख्यानं ऑनलाइन घेतली तर चारही विषय मिळून १० ते २० हजार. इंटर आणि फायनलला एकेका विषयाचा क्लास वेगवेगळ्या सरांकडे लावायची पद्धत आहे आणि तिथे बेरीज झपाट्याने वाढते. क्लासच्या फीवर १८ टक्के जीएसटी लागतो. फोनवर ‘साठ हजार’ सांगतात, पावती फाडताना ७०,८०० होतात. ‘जीएसटी धरून की वगळून?’ हा प्रश्न पहिल्याच फोनला विचारावा. क्लासवाला म्हणाला की रोख दिलेत तर जीएसटी लावत नाही, तर तिथून उठावं. पुढे फी परत मागायची वेळ आली, तर हातात पुरावा काही उरत नाही.

क्लास लावावाच लागतो का? प्रत्येकाला नाही. आयसीएआय आपलं सगळं अभ्याससाहित्य, सराव प्रश्नपत्रिका आणि आधीच्या परीक्षांची सुचवलेली उत्तरं संकेतस्थळावर फुकट ठेवते. तिचे ऑनलाइन लाइव्ह वर्गही विनाशुल्क असतात. प्रश्नपत्रिका याच साहित्यावरून निघते. माझं मत विचाराल तर फाउंडेशनला गणिताचा आणि अकाउंट्सचा तेवढा क्लास पुरे. कायदा आणि अर्थशास्त्र संस्थेच्या पुस्तकातून होतं. चारही विषयांचं ‘पॅकेज’ घेण्याची घाई बहुतेक वेळा मुलाची नसते, पालकांची असते. एवढे पैसे मोजले म्हणजे मुलगा अभ्यास करेल, अशी त्यांची आशा असते.

खर्चाचा सगळ्यात मोठा डोंगर क्लासचाही नाही, तो राहण्याचा आहे. लातूर, नांदेड, सांगली, जळगावची मुलं पुण्यात येतात, पेठांमध्ये कॉट बेसिसवर राहतात. कॉटचे चार ते सहा हजार, मेसचे तीन ते चार हजार, अभ्यासिकेचे हजार-बाराशे, प्रवास-चहा-रिचार्ज मिळून दोनेक हजार. महिन्याला दहा ते तेरा हजारांचा मेळ. आता एका नापास प्रयत्नाची किंमत काढा. परीक्षा आता वर्षातून तीनदा होतात, म्हणजे पुढचा प्रयत्न चार महिन्यांनी. परीक्षेचा अर्ज १,५००चा, आणि ते चार महिने पुण्यात राहण्याचे ४० ते ५० हजार. दोन-तीन प्रयत्न हुकले की संस्थेच्या सगळ्या शुल्काएवढी रक्कम नुसत्या कॉट आणि मेसमध्ये गेलेली असते.

म्हणून फाउंडेशन घरी राहूनच द्यावं, असं मी ठामपणे सांगेन. तालुक्याच्या गावातही आता नेट आहे. इंटरचे निदान एका ग्रुपचे गुण हातात आल्यावर पुण्या-मुंबईचं बघावं. आर्टिकलशिपला शहर लागू शकतं, पण तेव्हा विद्यावेतन सुरू झालेलं असतं. ते लहान फर्ममध्ये जेमतेम मेसपुरतं असतं आणि मोठ्या फर्ममध्ये बरं, हे आधीच समजून चालावं.

आणखी एक मर्यादा घरात बसून आधीच लिहून ठेवावी: फाउंडेशनचे किती प्रयत्न? नव्या योजनेत फाउंडेशनची नोंदणी चार वर्षं टिकते, पण चार वर्षं फाउंडेशन देत राहणं शहाणपणाचं नाही. तीन प्रयत्नांत सुटलं नाही तर बी.कॉम.वर लक्ष द्यावं. पदवीला ५५ टक्के पडले की वाणिज्य पदवीधराला फाउंडेशनशिवाय थेट इंटरला प्रवेश मिळतो. हा दरवाजा कायम उघडा असताना पहिल्याच परीक्षेत मुलाचा आत्मविश्वास आणि घरचे दीड लाख घालवण्यात अर्थ नाही.

पदवी: स्वस्त घ्यावी, पण सोडू नये

अनुदानित तुकडीतल्या बी.कॉम.ची फी वर्षाला पाच ते दहा-बारा हजारांत बसते. त्याच महाविद्यालयात विनाअनुदानित तुकडीला वीस ते चाळीस हजार पडतात. विद्यापीठ तेच असतं, आणि बऱ्याचदा शिकवणारेही तेच. प्रवेश अर्जात ‘अनुदानित’ आणि ‘विनाअनुदानित’ हे दोन रकाने असतात. पहिल्या यादीत अनुदानितला नाव लागलं नाही तर दुसऱ्या-तिसऱ्या यादीची वाट बघण्याइतका धीर धरावा. मुंबई विद्यापीठातले बीएएफ, बीबीआय असे अभ्यासक्रम बहुधा स्वयंअर्थसाहाय्यित असतात, म्हणजे खर्च सगळा विद्यार्थ्याचा. त्यांतल्या बीएएफचा अभ्यास सीए इंटरशी बराच जुळतो, तेव्हा सीए करणाऱ्याला त्या जादा पैशांचा थोडा तरी मोबदला मिळतो. बाकीच्यांचं तसं सांगता येत नाही.

सीए करणाऱ्याला महाविद्यालय निवडताना फीपेक्षा वेळापत्रक जास्त महत्त्वाचं. आर्टिकलशिपमध्ये आठवड्याला ३५ तास काम असतं आणि सोबत पदवी करायची तर फॉर्म ११२ भरून संस्थेची परवानगी घ्यावी लागते. महाविद्यालयाची वेळ कामाच्या वेळेच्या आड येता कामा नये. त्यामुळे सकाळी सात ते अकराच्या सत्राचं महाविद्यालय बघावं. तेही जमत नसेल तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे, इग्नू आहे. या पदव्या बँकांच्या आणि आयोगांच्या परीक्षांना चालतात, खर्च वर्षाला काही हजारांचा. मुक्त विद्यापीठ म्हटलं की नाक मुरडणारे नातेवाईक असतातच, त्यांना फी भरायला सांगावं.

नव्या शैक्षणिक धोरणामुळे पदवी आता तीन वर्षांची किंवा ऑनर्ससह चार वर्षांची झाली आहे. नोकरी किंवा सीए हेच ध्येय असेल तर तिसऱ्या वर्षी पदवी घेऊन बाहेर पडावं. चौथं वर्ष ज्यांना परदेशात शिकायला जायचं असेल किंवा संशोधनाकडे वळायचं असेल त्यांच्यासाठी.

बीबीए आणि बीएमएसचं गणित वेगळं आहे. २०२४-२५पासून हे अभ्यासक्रम एआयसीटीईच्या कक्षेत आले आणि राज्य सीईटी कक्षाने त्यांच्यासाठी स्वतंत्र सीईटी सुरू केली. पहिल्या वर्षी जागा रिकाम्या राहिल्या, आणि काही महाविद्यालयांनी बीएमएसचं नाव बदलून ‘बी.कॉम. मॅनेजमेंट स्टडीज’ अशा नावाने सीईटीशिवाय प्रवेश दिले. शिक्षण म्हणून यात फार फरक पडत नाही. सवलतींमध्ये मात्र पडतो, आणि तो पुढे येईलच. खाजगी विद्यापीठातल्या बीबीएला वर्षाला दीड लाखापासून चार-पाच लाखांपर्यंत फी असते. एवढे पैसे देण्याआधी एकच गोष्ट मागावी: मागच्या तुकडीतल्या किती विद्यार्थ्यांना, कुठल्या कंपनीत, कुठल्या पगारावर नोकरी लागली, याची पूर्ण यादी. ‘सर्वाधिक पॅकेज’चा फलक दाखवला तर मधल्या विद्यार्थ्याचा पगार विचारावा. उत्तर टाळलं तर त्याचा अर्थ तुम्हीच लावा.

सध्या ‘इंटिग्रेटेड’ नावाचा प्रकार जोरात आहे: पदवी, सीए किंवा एसीसीए (ब्रिटिश लेखापाल संस्थेचा अभ्यासक्रम) आणि वसतिगृह, सगळं एकाच छताखाली, एकरकमी फी. सोय असते, नाकारत नाही. पण फाउंडेशन सुटलं नाही किंवा मुलाचं मन बदललं तर त्यातला एकच तुकडा सोडून बाहेर पडता येत नाही. प्रत्येक भागाची फी सुटी लिहून द्यायला तयार असतील तरच पुढे जावं.

सीएच्या शेजारचे रस्ते

सीएमए, म्हणजे कॉस्ट अकाउंटंटचा अभ्यासक्रम, कोलकात्याच्या संस्थेचा. फाउंडेशन ६,०००, इंटर सुमारे २३ हजार, फायनल २५ हजार. पदवीधराला फाउंडेशन लागत नाही. चाकण, रांजणगाव, वाळूज, सातपूर अशा कारखान्यांच्या पट्ट्यात राहणाऱ्या मुलाला सीएमए हा सीएपेक्षाही सरळ रस्ता ठरू शकतो, कारण उत्पादनखर्चाचा हिशोब ठेवणारा माणूस कारखान्याला रोज लागतो. पुण्या-मुंबईतल्या जाहिरातींच्या गोंगाटात याचं नाव फारसं ऐकू येत नाही, एवढंच. सीएस, म्हणजे कंपनी सेक्रेटरीचा अभ्यासक्रम, कायद्याची आवड असलेल्यांसाठी. बारावीनंतर आधी प्रवेश परीक्षा द्यावी लागते. इथे नोकऱ्या मुख्यतः कंपन्यांच्या मुख्यालयांत, त्यामुळे मुंबई जवळ हवी.

एसीसीएचे १३ पेपर, पदवी किंवा सीए इंटर असेल तर काहींतून सूट. शुल्क पौंडांत, वार्षिक वर्गणी दरवर्षी वेगळी, आणि सूट मिळालेल्या पेपराचंही बहुधा शुल्क लागतं. रुपया घसरला की तुमची फी वाढते. पुण्या-बंगळुरातल्या परदेशी कंपन्यांच्या लेखा केंद्रांमध्ये याला मागणी आहे. पण भारतात कंपनीच्या वैधानिक लेखापरीक्षणावर सही करण्याचा अधिकार यातून मिळत नाही, तो आयसीएआयच्या सभासदाकडेच आहे. समुपदेशक हे वाक्य आपणहून उच्चारत नाहीत.

ज्याची जाहिरातच होत नाही असा एक अभ्यासक्रम मुद्दाम सांगतो: जीडीसी अँड ए, सहकार व लेखा पदविका. राज्याच्या सहकार खात्याची परीक्षा, वर्षातून एकदा, मे महिन्यात. कुठल्याही शाखेचा पदवीधर बसू शकतो, शुल्क अगदी थोडं. महाराष्ट्रात गृहनिर्माण संस्थाच लाखाहून जास्त आहेत, शिवाय पतसंस्था, विकास सोसायट्या, दूध संस्था. १९६०च्या सहकार कायद्याप्रमाणे या सगळ्यांना दरवर्षी लेखापरीक्षण करून घ्यावं लागतं. पदवी, ही पदविका, संस्थांच्या लेखापरीक्षणाचा किमान तीन वर्षांचा अनुभव आणि मराठीचं कामापुरतं ज्ञान असलेला माणूस प्रमाणित लेखापरीक्षक म्हणून हे काम करू शकतो. मराठी येणं ही इथे कायद्यातलीच पात्रता आहे. बी.कॉम. झाल्यावर एखाद्या लेखापरीक्षकाच्या हाताखाली तीन वर्षं काढली, तर जिल्ह्याच्याच गावात राहून स्वतःचं काम उभं राहतं. श्रीमंती नाही, पण कॉटचं भाडंही नाही.

स्पर्धा परीक्षांचं शुल्क नाममात्र असतं. आयबीपीएसच्या बँक परीक्षेला ८५०, अनुसूचित जाती-जमातींना १७५. स्टाफ सिलेक्शनच्या पदवीधर परीक्षेला १०० रुपये, महिलांना तेही नाही. पण पेठेत राहून तयारीची तीन-चार वर्षं काढली तर वरचाच कॉट-मेसचा हिशोब इथेही लागू होतो.

आणि ज्याला वर्षभरात कमावायला लागायचंय त्याने टॅली, एक्सेल आणि जीएसटी-टीडीएसची विवरणपत्रं शिकावीत. टॅलीचा क्लास लावण्याआधी टॅलीप्राइमची शैक्षणिक आवृत्ती उतरवून घ्यावी, ती फुकट चालते. तिच्यात नोंदी फक्त महिन्याच्या १, २ आणि शेवटच्या तारखेच्या करता येतात, शिकायला तेवढ्या पुरतात. नंतर गावातल्या करसल्लागाराच्या कार्यालयात मार्च ते सप्टेंबर काम करावं. तीस हजारांचं ‘डिप्लोमा इन अकाउंटिंग’ घेतलेल्या मुलापेक्षा एका हंगामात पन्नास विवरणपत्रं भरलेल्या मुलाला नोकरी लवकर मिळते, हे या धंद्यातलं कुणीही सांगेल.

सवलती आणि परतावा

पदवीसाठीच्या सवलती महाडीबीटीच्या संकेतस्थळावरून मिळतात. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीत आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांना शिक्षण शुल्कात निम्मी सवलत आहे. ८ जुलै २०२४च्या शासन निर्णयाने आर्थिक दुर्बल घटक, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, उत्पन्नाची मर्यादा तीच ठेवून, व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. अट अशी की प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून हवा. व्यवस्थापन कोट्यातला प्रवेश आणि खाजगी व अभिमत विद्यापीठं यात येत नाहीत. बीबीए-बीएमएसला सीईटी देण्याचं खरं कारण हे. नाव बदललेल्या अभ्यासक्रमाला सीईटीशिवाय प्रवेश घेताना ही माफी मिळेल का, हे महाविद्यालयाकडून लेखी घ्यावं. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना वसतिगृह मिळालं नाही तर स्वाधार योजनेतून राहण्या-जेवणाचे पैसे थेट खात्यात येतात. उत्पन्नाचा, जातीचा आणि अधिवासाचा दाखला निकालाआधीच काढून ठेवावा, जूनमध्ये सेतू केंद्रासमोरची रांग बघवत नाही. सीएच्या खर्चाला या योजना लागू नाहीत, पण आयसीएआय स्वतः गुणवत्तेवर आणि गरजेवर शिष्यवृत्त्या देते. अर्ज करावा.

महाविद्यालय सोडायचं झालं तर यूजीसीचे परताव्याचे नियम आहेत. प्रवेशाच्या अंतिम तारखेच्या १५ किंवा त्याहून जास्त दिवस आधी प्रवेश रद्द केला तर किरकोळ प्रक्रिया शुल्क वजा करून सगळी फी, त्यानंतर अंतिम तारखेपर्यंत ९० टक्के, तारखेनंतर १५ दिवसांत ८० टक्के, ३० दिवसांपर्यंत ५० टक्के, पुढे शून्य. मूळ गुणपत्रिका अडकवून ठेवण्याचा अधिकार महाविद्यालयाला नाही.

क्लासच्या बाबतीत, जानेवारी २०२४च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचना म्हणतात की विद्यार्थी मधूनच सोडून गेला तर उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत करावी, वसतिगृह आणि मेसची धरून. या सूचना आहेत, कायदा नव्हे. पण १३ नोव्हेंबर २०२४ची केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची नियमावली ग्राहक कायद्याखाली आहे. तिच्यानुसार यशस्वी विद्यार्थ्याचा फोटो त्याच्या लेखी संमतीशिवाय छापता येत नाही, आणि त्याने नेमका कोणता कोर्स किती काळ केला होता हे जाहिरातीत सांगावं लागतं. फ्लेक्सवरच्या चाळीस चेहऱ्यांपैकी कितीजण पूर्ण बॅचला होते आणि कितीजण शेवटच्या महिन्यात फक्त सराव परीक्षेला आले होते, हे विचारण्याचा हक्क तुम्हाला आहे.

‘बिनव्याजी हप्ता’ सांगतात तेव्हा बहुधा तुमच्या नावावर एखाद्या वित्त कंपनीचं कर्ज निघतं. क्लास बंद पडला किंवा तुम्ही सोडला तरी हप्ता कापला जातो, आणि थकला तर सिबिल तुमचं बिघडतं. कागदावर सही करण्याआधी कर्ज कुणाचं ते वाचावं. शक्य असेल तर क्लासलाच दोन-तीन टप्प्यांत फी द्यावी.

पैसे अडकले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथे निभावलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला शुल्क नाही, तक्रार ई-जागृती संकेतस्थळावरून घरबसल्या करता येते, वकील सक्तीचा नाही. लागतील ते कागद असे: जीएसटी क्रमांक असलेली पावती, कोर्सचं नाव आणि मुदत छापलेलं माहितीपत्रक, सोडत असल्याचा तारखेसह ईमेल, आणि भरतीच्या वेळी समुपदेशकाने व्हॉट्सअॅपवर दिलेल्या आश्वासनांचे स्क्रीनशॉट. हे शेवटचे पहिल्याच दिवशी काढून ठेवावेत, नंतर ‘हा मेसेज डिलीट केला आहे’ एवढंच दिसतं.